गोगलगाईंना आवरतं कोण?

२०२२च्या पावसाळ्यात लातूर-नांदेडच्या शिवारात शंखी गोगलगाईंनी कोवळं सोयाबीन फस्त केलं. अनेकांवर दुबार पेरणीची पाळी आली. खापर पावसावर फुटलं. ते खोटं नाही: कोरड्या दिवसांत ही गोगलगाय शंखाचं तोंड बंद करून मातीत निपचित पडते, ओल मिळताच निघते. मराठवाड्याचा उन्हाळा हाच तिचा पहारेकरी. पण पाऊस ज्वारीच्या जमान्यातही पडायचाच! आता बांधाला बांध लागून सोयाबीनचंच ताट वाढलेलं. पक्षी खातील म्हणावं, तर एकेक गोगलगाय शंभरावर अंडी घालते. पक्षी पुरणार किती? तेव्हा संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं बांधाकडेला पसरा, सकाळी जमलेल्या गोगलगाई वेचून मिठाच्या पाण्यात टाका, तेही अंडी पडण्याआधी आणि साऱ्या गावानं मिळून.