मनाची कैफियत, यंत्रापुढे

महाविद्यालयाच्या आवारात समुपदेशकाची खोली असते, दारावर वेळांची पाटी असते, आणि तरीही गाव सोडून वसतिगृहात आलेला, पहिल्याच सत्रात मागे पडलेला, घरच्या कर्जाचे ओझे मनात वागविणारा विद्यार्थी त्या दारावरून रोज जातो पण आत पाऊल टाकीत नाही; कारण आत शिरताना कोणी पाहिले तर काय म्हणेल, ही धास्ती त्याला मूळ दुःखाहून भारी होते. या संकोचावर इलाज म्हणून जी मोबाइल अ‍ॅप्स निघाली, त्यांचे यश आणि त्यांची मर्यादा एकाच मुळातून उगवली आहेत, आणि ते मूळ म्हणजे ऐकणाऱ्याच्या जागी माणूस नसणे.

अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत जोसेफ वायझेनबाउम यांनी 1966 साली ‘एलायझा’ नावाची संगणकीय आज्ञावली प्रसिद्ध केली, तेव्हाच याची चुणूक दिसली होती. बोलणाऱ्याचेच शब्द फिरवून प्रश्नरूपाने परत करणे, एवढीच तिची करामत. पण तिच्याशी चाललेले संभाषण खाजगी राहावे म्हणून वायझेनबाउम यांच्या चिटणीस बाईंनी खुद्द त्यांनाच खोलीबाहेर जाण्याची विनंती केली.

आजच्या अ‍ॅप्सची मजल अर्थातच पुढची आहे. त्यांपैकी अनेकांचा पाया अ‍ॅरन बेक यांनी 1960 च्या दशकात मांडलेल्या उपचारपद्धतीत सापडतो. खिन्न मनुष्याला घटनेपेक्षा, तिचा त्याच्या मनाने परस्पर लावलेला अर्थ अधिक छळतो, असे बेक यांचे प्रतिपादन होते. गणितात नापास होणे ही वस्तुस्थिती. ‘माझ्या हातून आता काहीच होणार नाही’ हा मनाने दिलेला निकाल. अ‍ॅप विद्यार्थ्याला तो निकाल लिहावयास लावते, त्याच्या बाजूचा व विरुद्धचा पुरावा मागते, आणि साक्षीदाराची उलटतपासणी व्हावी तशी त्याच्याच विचाराची तपासणी त्याच्याकडून करविते. मनःस्थितीची दैनंदिन नोंद आणि श्वसनाचे व्यायाम ही त्याला जोड.

याचा गुण येतो काय? ‘वोबॉट’ या संभाषण करणाऱ्या अ‍ॅपची चाचणी 2017 साली प्रसिद्ध झाली. 18 ते 28 वयाच्या 70 जणांपैकी काहींना दोन आठवडे अ‍ॅप आणि उरलेल्यांना नैराश्याविषयी माहितीपुस्तक देण्यात आले. अ‍ॅप वापरणाऱ्यांची नैराश्याची लक्षणे स्पष्टपणे उतरली. चिंता मात्र दोन्ही गटांत कमी झाली. मुदत अल्प, संख्या मर्यादित, आणि संशोधकांत अ‍ॅपच्या संस्थापिकेचाही समावेश, हे ध्यानात घेऊनच या निष्कर्षाचे मोल ठरविले पाहिजे.

त्यातही अ‍ॅप मुळात टिकून वापरले जाते किती, हा प्रश्न उरतोच. मानसिक आरोग्याच्या अ‍ॅप्सची जी पाहणी 2019 साली प्रसिद्ध झाली, तीत पंधराव्या दिवशीही अ‍ॅप उघडणाऱ्यांचे मध्यक प्रमाण अवघे 3.9 टक्के आढळले. जिथे आपली वाट पाहणारे कोणी नसते, तिथे जाणे बंद करताना भीडही पडत नाही!

शिवाय माणूस नसला तरी कंपनी असतेच. ‘बेटरहेल्प’ या ऑनलाइन समुपदेशन कंपनीने ग्राहकांची आरोग्यविषयक माहिती जाहिरातीसाठी इतरांना पुरविल्याच्या आरोपावरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2023 साली तिला 78 लाख डॉलर भरावयास लावले. ‘वोबॉट’चे अ‍ॅप तर 30 जून 2025 रोजी बंदच झाले. विद्यार्थ्याने आपले गुपित कोणाच्या दफ्तरी जमा होते आणि ते दफ्तर किती दिवस उघडे राहील, याची चौकशी आधी करावी.

आपल्याकडे केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. 14416 या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते. जीव नकोसा वाटू लागल्यावर अ‍ॅपशी गुजगोष्टी करीत न बसता हाच क्रमांक फिरवावा, किंवा जवळच्या माणसाला उठवावे. संकोचाची पहिली गाठ सोडविण्यापुरते अ‍ॅप उपयोगी आहे, आणि ते काम क्षुल्लक नाही. परंतु अ‍ॅपची वर्गणी भरली एवढ्या सबबीवर समुपदेशकाचे पद रिकामे ठेवण्याची मुभा कोणत्याही विद्यापीठाला असता कामा नये, कारण यंत्रापुढे बोलावयास शिकलेला विद्यार्थी ज्या दिवशी माणसापुढे बोलू इच्छील, त्या दिवशी ऐकणारा आवारात हजर असलाच पाहिजे.