काळा डबा, लाल टिकली

मोटारसायकलची टाकी रंगवून घेतली तर लोक हौस म्हणतात, ट्रकच्या फळीवर चित्र काढले तर कौतुकाने फोटो काढतात. पण लॅपटॉपच्या झाकणावर कुणी स्प्रे मारला की भुवया वर जातात. चांगल्या वस्तूचे वाटोळे केले, असा एकूण सूर असतो. त्यामागची समजूत अशी, की कारखान्यातून आला तो त्या यंत्राचा खरा रंग आणि आपण दिला तो बाटवलेला. या समजुतीचे मला फार दिवसांपासून कुतूहल आहे, आणि लॅपटॉपच्या रंगांचा इतिहास जितका खोलात वाचावा तितकी ती पोकळ निघते. कारखान्याचा रंग हा बहुधा तडजोडीचा, भांडणाचा आणि एका प्रसिद्ध बाबतीत तर चक्क चलाखीचा निकाल असतो. बरे, तो टिकतो म्हणावे तर तेही खरे नाही. मग मालकाने तो बदलण्यात एवढे पाप काय?

ज्या लॅपटॉपचा रंग सर्वांत अढळ मानला जातो, त्या थिंकपॅडपासूनच पाहू. 1992 च्या ऑक्टोबरात आयबीएमने थिंकपॅड 700सी जाहीर केला तेव्हा कचेरीतली यंत्रे पांढुरकी किंवा राखाडी असत. आयबीएमचीही तशीच होती. तिथे हा काळाकुट्ट, कडा सरळ छाटलेला ठोकळा आणला रिचर्ड सॅपर यांनी. जन्म म्युनिकचा, काम मिलानमध्ये. 1972 साली आर्टेमीदे या इटालियन कंपनीसाठी केलेल्या तिझियो दिव्यामुळे नाव झालेले. आयबीएमचे ते 1980 पासूनचे सल्लागार. जपानी जेवणाचा शोकादो बेन्तो हा काळा डबा त्यांच्या डोळ्यांसमोर होता: मिटला की साधा, गप्प, उघडला की आत काय काय मांडलेले. यामातो येथील आयबीएमच्या जपानी प्रयोगशाळेत ही कल्पना यंत्रात उतरली. विरोध झाला तो मात्र जर्मनीतून. तिथल्या कार्यालयीन मानकांनुसार कामाच्या जागेवरची उपकरणे फिक्या रंगाची हवीत, गडद पृष्ठभागाने डोळ्यांना ताण पडतो, असा आक्षेप आला. पुढे थिंकपॅडच्या डिझाइनची धुरा सांभाळणारे डेव्हिड हिल यांनी या वादाचा शेवट सांगून ठेवला आहे. जर्मनीत हा लॅपटॉप सुरुवातीला 'कार्यालयीन वापरासाठी नाही' अशा सूचनेसह विकला गेला. कार्यालयासाठीच घडवलेले यंत्र, आणि रंगापायी त्याच्याच कपाळी कार्यालयबंदी!

दुसरे भांडण याहून लहान वस्तूवरून झाले आणि मला ते अधिक बोलके वाटते. टेड सेल्कर यांच्या संशोधनातून आलेला ट्रॅकपॉइंट, म्हणजे जी, एच आणि बी या कळांच्या बेचक्यात बसवलेले ते रबरी बोंड, काळ्या कळफलकावर उठून दिसावे म्हणून सॅपर यांना लालच हवे होते. आयबीएमच्या सुरक्षा विभागाने हरकत घेतली. कंपनीच्या नियमानुसार लाल रंग मोठ्या संगणकांचा वीजपुरवठा आणीबाणीत तोडणाऱ्या बटणासाठी राखीव होता. त्यावर डिझाइनवाल्यांनी काढलेला तोडगा असा: कागदोपत्री रंग लिहिला मॅजेंटा. विचारणा झालीच तर उत्तर तयार, हा लाल नाहीच, मॅजेंटा आहे. पुढच्या मॉडेलांत छटा हळूहळू सरकवत नेली आणि ती टिकली एके दिवशी उघडउघड लाल झाली, तोवर विरोधाची धार गेलेली होती. आज जगभरचे थिंकपॅडप्रेमी ज्या लाल ठिपक्याला पावित्र्याची खूण मानतात, तो नियमाला बगल देऊन आत आला आहे. काळ्या रंगाचे सोवळेही खुद्द कंपनीने फार पाळले नाही. हा धंदा 2005 मध्ये लेनोवोकडे गेला आणि त्याच वर्षी झेड मालिकेत चंदेरी टायटॅनियमचे झाकण मिळू लागले. मूळ रंग म्हणजे नेमका कुठला मानायचा? सॅपर यांच्या मनातला, सुरक्षा विभागाने मान्य केलेला, जर्मनीत सूचनेसह विकलेला, की नंतरचा चंदेरी?

यावर कुणी म्हणेल, रंग कसाही ठरला असो, कारखान्याचे काम पक्के असते आणि घरचे कच्चे. हा आक्षेप वजनदार आहे, पण पुरावा त्याला पुरती साथ देत नाही. ॲपलचा टायटॅनियम पॉवरबुक जानेवारी 2001 मध्ये आला, धातूच्या अंगाचे भरपूर कौतुक झाले. पण त्याची कडेची चौकट रंगवलेली होती आणि मनगटे घासून त्या रंगाचे पोपडे निघू लागले. 2003 पासून ॲपल ॲनोडाइज केलेल्या ॲल्युमिनियमकडे वळली, त्यात रंगाचा थर हा भागच उरला नाही. डेलची गोष्ट तर रंगकामाच्या प्रत्येक कारागिराने वाचावी अशी आहे. 2007 च्या उन्हाळ्यात कंपनीने रंगीत झाकणांचे लॅपटॉप विकायला काढले, मागणी धो धो आली आणि माल काही निघेना. उशिराबद्दल दिलगिरी व्यक्त करताना कंपनीला रंगकामातल्या अडचणी सांगाव्या लागल्या, त्यांत एक होती धूळ. आपल्याकडे गॅरेजात ड्यूको मारणारा पेंटर आधी जमिनीवर पाणी शिंपडतो ते याच धुळीसाठी.

जुन्या आयबीएम थिंकपॅडांचे दुखणे वेगळे. त्यांच्या झाकणावरचा मऊ, रबरासारखा लेप हाताला सुखाचा वाटे. असे लेप बहुधा पॉलियुरेथेनचे असतात, आणि त्यातल्या काही प्रकारांचे रासायनिक बंध दमट हवेतल्या पाण्याने वर्षानुवर्षे तुटत जातात. लेप आधी चिकट होतो, मग बोटाला काळा लागतो. मुंबईच्या किंवा कोकणच्या हवेत कपाटात पडून राहिलेल्या दुर्बिणी, कॅमेरे, माउस असे चिकटलेले ज्यांनी हाताळले आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको. अशा झाकणावरचा लेप आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढून नवा रंग देणारा माणूस वस्तू बिघडवत नसतो, कारखान्याचा रंग मेल्यावर उरलेले काम करत असतो.

ॲनोडायझिंगला मात्र मी मान देतो. ॲल्युमिनियमचा भाग सल्फ्युरिक आम्लाच्या कुंडात धन अग्र म्हणून लटकवतात, वीज सोडतात. धातूच्याच अंगातून ऑक्साइडचा कडक, सच्छिद्र थर उगवतो. त्या छिद्रांत रंग मुरवायचा आणि गरम पाण्यात तोंडे बंद करायची. वरून बसवलेला थरच नाही, तर पोपडा निघेल कशाचा? तरीही 2022 च्या गडद निळ्या मॅकबुक एअरवर बोटांचे ठसे आणि कडांवरच्या चंदेरी रेघा यांची इतकी चर्चा झाली, की 2023 च्या काळ्या मॅकबुक प्रोसोबत ठसे कमी करणाऱ्या विशेष प्रक्रियेची जाहिरात ॲपलने केली. थर कितीही कडक असला तरी मायक्रॉनांत मोजण्याइतका पातळ असतो; खाली चंदेरी धातू, वर गडद रंग, ओरखडा दिसणारच.

आता घरच्या रंगकामावरचे खरे आक्षेप. पहिला उष्णतेचा: रंगाने यंत्र गुदमरेल. भौतिकशास्त्र इथे रंगाच्या बाजूने आहे. उघडे, चकचकीत ॲल्युमिनियम उष्णता प्रारित करण्यात अगदी मागे, आदर्श काळ्या पृष्ठभागाच्या पाच टक्क्यांच्या आसपास. रंगवलेला पृष्ठभाग नव्वदीच्या घरात जातो. रंगाच्या पातळ थराचा अडसर त्यापुढे नगण्य आहे. शिवाय बहुतेक लॅपटॉपांची उष्णता पंखा आणि जाळीतून बाहेर पडते, झाकणातून फार थोडी. जाळीत रंग गेला तर घात आहे, तेवढी मास्किंग टेपने झाकायची. दुसरा आक्षेप वायफायचा, आणि तो अर्धा खरा आहे. अँटेना बहुधा पडद्याच्या कडेला किंवा बिजागरीपाशी असतात आणि धातूच्या लॅपटॉपात तेवढ्यापुरती प्लॅस्टिकची पट्टी ठेवलेली असते. धातूचा चुरा असलेला रंग त्या पट्टीवर नको; साध्या रंगाने काही बिघडत नाही. तिसरा आक्षेप जाडीचा, आणि तो मला पूर्ण मान्य आहे. ॲपलने 2020 मध्ये ग्राहकांना सांगितले, की कॅमेऱ्यावर झाकणी चिकटवून मॅकबुक मिटू नका, पडदा फुटू शकतो. लावायचीच तर साध्या कागदाइतकी, म्हणजे 0.1 मिलिमीटरपेक्षा जाड नको. प्रायमर, रंग आणि क्लिअर कोट यांचे थर एकमेकांवर चढले की त्या मर्यादेपर्यंत सहज पोचतात. म्हणून मिटल्यावर आत जाणाऱ्या पृष्ठभागांना हात लावू नये. बाहेरचे झाकण आपले, आतली चौकट यंत्राची.

फसलेली बहुतेक कामे मात्र या तिन्हींमुळे फसत नाहीत, घाईमुळे फसतात. प्लॅस्टिकवर थिनर किंवा ॲसिटोन ओतले की एबीएस विरघळते, ताणाखालच्या पॉलिकार्बोनेटला केसासारख्या भेगा पडतात. बारीक पॉलिश पेपरने चमक मारली नाही तर रंगाला पकड नाही. ॲल्युमिनियमला एचिंग प्रायमर आणि प्लॅस्टिकला प्लॅस्टिकचा प्रायमर नसेल तर पहिल्याच नखाला सालपट निघते. एका जाड हातापेक्षा चार पातळ हात बरे, ही पेंटरांची जुनी शिकवण इथे तंतोतंत लागू पडते. रंग तासाभरात सुकल्यासारखा दिसतो, पण कडक व्हायला दिवस लागतात, आणि त्याआधी लॅपटॉप बॅगेत गेला की अस्तराची वीण झाकणावर उमटते. दोन घटकांचा क्लिअर कोट सर्वांत टणक, पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. ते फुप्फुसांना घातक आहेत आणि साधा कापडी मास्क त्यांना अडवत नाही. हे सगळे कारागिरीचे नियम आहेत. ते पाळले नाहीत तर काम वाईट होते, एवढाच त्यांचा अर्थ. काम करण्याचा अधिकार नाही, असे त्यांतून निघत नाही.

शेवटचा आक्षेप पैशाचा: रंगवलेल्या लॅपटॉपला पुनर्विक्रीत भाव येत नाही. खरे आहे. पण वस्तू आपल्याकडे असताना ती पुढच्या गिऱ्हाइकाची म्हणून सांभाळायची, हा हिशेब मला पटत नाही. शिवाय तो सुटण्याजोगा आहे. 2021 मध्ये फ्रेमवर्क या अमेरिकी कंपनीने असा लॅपटॉप आणला, ज्याचे वरचे झाकण सुटा भाग म्हणून मिळते आणि पडद्याभोवतीची चौकट लोहचुंबकांवर बसते, वेगवेगळ्या रंगांत विकत मिळते. झाकण सुटे मिळाले की रंगकाम फसण्याची भीती संपते: बिघडले तर बदला, विकायचे झाले तर कोरे बसवा. मोठ्या कंपन्या दर वर्षी नव्या छटेचे नाव जाहीर करतात, त्यापेक्षा त्यांनी स्क्रू काढून बदलता येणारे, प्रायमर मारलेले कोरे झाकण वाजवी भावात दिले तर ग्राहकाचे अधिक भले होईल. स्वतःच्या मनासारखी छटा मिळवायला सॅपर यांच्यासारख्या मातब्बरालाही कागदावर मॅजेंटा लिहावे लागले. मालकावर तरी ती वेळ येऊ नये.