शब्दांचा खेळ आणि घरची वही

दिवेलागणीनंतर परवचा आटोपला कीं भेंड्या खेळावयाच्या, हा परिपाठ ज्यांच्या घरीं होता त्यांना शब्दक्रीडेची गोडी निराळी सांगावयास नको. वात्स्यायनानें सांगितलेल्या ६४ कलांत प्रहेलिका, म्हणजे कोडीं, आणि प्रतिमाला, म्हणजे आपली अंत्याक्षरी, या दोहोंची गणना आहे. दण्डीनें तर 'काव्यादर्शां'त प्रहेलिकांचे १६ प्रकार सांगितले आहेत. तेव्हां शब्दांशीं खेळणें हा पोरकटपणा होय, असें म्हणणाऱ्यांस पूर्वसूरींनींच उत्तर देऊन ठेविलें आहे.

अलीकडे या हौसेला जगभर उजाळा दिला तो 'वर्डल' या खेळानें. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथें राहणारे जॉश वॉर्डल यांनीं तो आपल्या सहचारिणी पलक शहा यांच्या करमणुकीसाठीं रचला. रोज पांच अक्षरांचा एकच इंग्रजी शब्द, सर्वांना तोच, आणि ओळखण्यास सहा प्रयत्न, एवढेच नियम. १ नोव्हेंबर २०२१ रोजीं अवघीं ९० माणसें तो खेळलीं. दोन महिन्यांनीं ही संख्या ३ लाखांवर गेली. आणि जानेवारी २०२२ च्या अखेरीस 'न्यूयॉर्क टाइम्स'नें तो विकत घेतला.

आमचें घर आतां पुणें, नागपूर, बंगळूर आणि अमेरिकेंतील न्यू जर्सी असें चार ठिकाणीं विभागलें आहे. चूल एक राहिली नाहीं, तरी रोजचा शब्द एक असावा, म्हणून दोन वर्षें आम्ही सर्वजण मोबाइलवरील असाच एक मराठी खेळ खेळत होतों. कोणीं कितव्या प्रयत्नांत शब्द ओळखला याची नोंद त्या खेळांतच राही. आमच्या थोरल्या वहिनी त्यांत सर्वांच्या पुढें असत. त्या गेल्या; पुढें चार महिन्यांनीं खेळ चालविणाऱ्यांनीं आपला कारभार बंद केला, आणि वहिनींच्या नोंदी एका रात्रींत नाहींशा झाल्या. तक्रार कोणाकडे करणार? वही त्यांची होती. आम्ही नुसते तींत लिहीत होतों.

वहिनींचा मुलगा संगणकाचें काम करतो. त्यानें मनाशीं ठरविलें कीं खेळ आपणच रचावयाचा, पण वही ज्याची त्याच्या हातीं ठेवावयाची. त्यासाठीं त्यानें 'ए.टी. प्रोटोकॉल' या नांवाची व्यवस्था निवडली. प्रोटोकॉल म्हणजे संगणकांनीं परस्परांशीं बोलण्याची ठरलेली रीत. 'ब्लूस्काय' हें संदेशांचें व्यासपीठ याच रीतीवर उभें आहे. त्याचा संकल्प ट्विटर कंपनींत २०१९ सालीं झाला, २०२१ सालीं त्याची स्वतंत्र कंपनी झाली, आणि फेब्रुवारी २०२४ पासून तें आमंत्रणावांचून सर्वांस खुलें झालें.

या रीतीचें मर्म असें कीं प्रत्येकाचें दप्तर निराळें असतें. त्याला एक कायमची ओळख दिलेली असते. दप्तर एका यजमान-संगणकावर राहतें. यजमान न आवडला तर दप्तर उचलून दुसऱ्याकडे नेतां येतें, आणि ओळख तीच राहते. आमचा खेळ आपल्यापाशीं सर्वांची वही ठेवीत नाहीं. खेळणाराच्या दप्तरांत तो एक ओळ लिहितो, आणि निकालपत्रक मांडतांना सर्वांच्या दप्तरांतून त्या ओळी वाचून घेतो. उद्यां खेळ बंद पडला तरी ओळी जागच्या जागीं राहतील.

रचतांना पहिली अडचण आली ती अक्षरगणनेची, आणि तेथें आमची जुनी विद्या कामास आली. 'वटवृक्ष' हा शब्द घ्या. बाळबोध रीतीनें अक्षरें चार, व्याकरणानें वर्ण नऊ. परंतु संगणक त्यांत सात चिन्हें मोजतो, कारण एकट्या 'क्ष'मध्यें त्याला क, हलन्ताची खूण आणि ष अशीं तीन दिसतात. आम्हीं निकाल दिला कीं जोडाक्षर व मात्रा धरून एक अक्षर मानावें. शिवाय व्यंजन बरोबर पण स्वर चुकला तर जांभळा रंग द्यावा. शब्द 'वाटसरू' असून कोणीं 'वटवृक्ष' लिहिलें, तर 'ट' हिरवा आणि पहिला 'व' जांभळा.

दुसरी अडचण सचोटीची. स्वतःच्या दप्तरांत कोणीही "पहिल्याच प्रयत्नांत ओळखला" असें लिहूं शकेल! यावर पुतण्यानें तोड काढली ती शाळा सोडल्याच्या दाखल्यासारखी आहे: कागद विद्यार्थ्याच्या घरीं, शिक्का शाळेचा. ओळ खेळणाराच्या दप्तरांत राहते, पण तिच्यावर खेळाची सांकेतिक मुद्रा असते. मुद्रा नसलेली ओळ निकालपत्रकांत धरली जात नाहीं.

तिसरी अडचण आमच्या मंडळींनीं काढली. "अहो, म्हणजे माझ्या चुका साऱ्या जगाला दिसायच्या?" प्रश्न रास्त होता. या व्यवस्थेंतील दप्तरें वाचावयास खुलीं असतात. मालक आपली ओळ खोडूं शकतो. पण मधल्या काळांत कोणीं तिची नक्कल करून घेतली असेल तर ती परत आणतां येत नाहीं. म्हणून ओळींत आतां केवळ दिनांक, प्रयत्नांची संख्या आणि रंग जातात, लिहिलेले शब्द जात नाहींत; आणि ओळ लिहावयाची कीं नाहीं हेंही ज्याचें त्यानें ठरवावयाचें. मंडळी रोज खेळतात, पण आपला हिशेब दिनदर्शिकेच्या मागल्या पानावर पेन्सिलीनें ठेवतात. त्यांचीही वही घरचीच आहे, तेव्हां आमचें कांहीं म्हणणें नाहीं.

ही व्यवस्था निर्दोष आहे असें आम्ही म्हणत नाहीं. बहुतेकांचीं दप्तरें आजही ब्लूस्काय कंपनीच्याच संगणकांवर आहेत, आणि यजमान अकस्मात् उठून गेला तर हातीं प्रत असलेली बरी. सबंध दप्तर एका फाइलींत उतरवून घेतां येतें. पुतण्या दर महिन्याच्या पहिल्या तारखेला चारही घरच्या दप्तरांची प्रत काढतो.

वहिनींच्या नोंदी परत आल्या नाहींत, येणारही नाहींत. खेळाचा पहिला शब्द कोणता ठेवावा असें पुतण्यानें विचारलें तेव्हां आम्हीं त्याच्यावरच सोंपविलें. त्यानें ठेविला 'माजघर'. त्या दिवशीं चारही घरीं शब्द ओळखला गेला. पण नेहमींप्रमाणें थट्टेचा फोन कोणीं केला नाहीं.

वाचकांस एवढेंच सुचवावेंसें वाटतें: मोबाइलवर मुलांबाळांसह कांहींही लिहावयास लागण्यापूर्वीं एक प्रश्न विचारावा, कीं ही वही कोणाच्या घरीं राहणार? आम्हीं तो दोन वर्षें उशीरा विचारला.