स्टेंट बसला, पण पूर्ण उघडला का?

‘अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट टाकले, आता काळजी नाही,’ असे आपल्या पेढ्यांवर आणि दुकानांत वरचेवर ऐकू येते. स्टेंट किती टाकले, कोणत्या कंपनीचे, बिल किती झाले, याची चौकशी प्रत्येक जण करतो. स्टेंट पूर्ण उघडला का, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. वास्तविक रुग्णाचे पुढील स्वास्थ्य पुष्कळ अंशी या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते.

१९७७ च्या सप्टेंबरमध्ये झुरिक येथे डॉ. आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी हृदयाची अरुंद झालेली रक्तवाहिनी फुग्याच्या साहाय्याने रुंद केली. पुढे १९८६ मध्ये फ्रान्स व स्वित्झर्लंड येथे धातूचे जाळीदार स्टेंट प्रथम बसविण्यात आले. फुग्यावर मिटलेली जाळी फुग्याबरोबर उघडते आणि भिंतीला टेकून वाहिनी खुली ठेवते. भिंत मऊ असल्यास हे सहज घडते. परंतु उतारवयात, विशेषतः दीर्घकाळचा मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास, या भिंतीत कॅल्शियमचे थर साचतात. हा थर वाहिनीभोवती कड्यासारखा पसरला की फुगा मध्येच दबून डमरूसारखा दिसतो आणि स्टेंट तेथे आखडलेला राहतो.

व्यापारी वाचकांसाठी हिशेबच मांडतो. ३ मिलिमीटर व्यासाचा स्टेंट एखाद्या जागी २ मिलिमीटरच उघडला, तर तूट एक तृतीयांशच वाटते. परंतु रक्त वाहण्याचे क्षेत्रफळ अपेक्षेच्या सुमारे ४४ टक्केच उरते. अशा जागी रक्ताची गुठळी होण्याचा किंवा वाहिनी पुन्हा अरुंद होण्याचा धोका वाढतो. भिंतीत रुतलेला स्टेंट सहसा काढताही येत नाही.

मग उपाय काय? प्रथम वाहिनीच्या आतून पाहणे. ध्वनिलहरींवर चालणारी ‘आयव्हस’ किंवा प्रकाशावर चालणारी ‘ओसीटी’ तपासणी कॅल्शियम किती जाड व किती पसरलेला आहे आणि स्टेंट किती उघडला आहे, हे दाखवते. शेजारच्या चांगल्या भागाच्या तुलनेत ८० टक्क्यांहून अधिक क्षेत्रफळ मिळावे, असा सर्वसाधारण निकष आहे. त्यानंतर न ताणला जाणारा फुगा अधिक दाबाने फुगवतात. दुहेरी आवरणाचे खास फुगे ३५ वातावरणांपर्यंतचा दाब सहन करतात. तेवढ्यानेही कडे फुटले नाही, तर मूतखडा फोडण्याच्या तंत्रावर आधारित ‘लिथोट्रिप्सी’ फुगा उपयोगी पडतो. त्यातील दाबलहरी भिंतीतील कॅल्शियमला तडे देतात. अमेरिकेत २०२१ मध्ये त्यास मान्यता मिळाली ती स्टेंटपूर्वीच्या वापरासाठी. आखडलेल्या स्टेंटमध्ये तो तज्ज्ञ स्वतःच्या निर्णयाने वापरतात. लेझर आणि हिऱ्याचे कण जडवलेले ‘रोटा’ यंत्र हेही पर्याय आहेत; परंतु बसलेल्या स्टेंटमध्ये रोटा फिरवणे अधिक जोखमीचे असते. पहिला स्टेंट आखडलेला असताना त्यातच दुसरा बसवणे हा तर उपाय नव्हेच. त्याने अरुंद जागेत धातूचा आणखी एक थर तेवढा वाढतो.

म्हणून खरे शहाणपण आधीच्या तयारीत आहे. तारणाची तपासणी कर्ज देण्यापूर्वी करावयाची असते, नंतर नव्हे. कॅल्शियम आधी फोडून मग स्टेंट बसवणे हे नंतरच्या दुरुस्तीपेक्षा सोपे व सुरक्षित.

येथे पैशाचा प्रश्न येतो. फेब्रुवारी २०१७ पासून आपल्याकडे स्टेंटच्या किमतीवर सरकारी मर्यादा आहे. परंतु आतील तपासणी, खास फुगे व रोटा यांचा खर्च वेगळा लागतो. शस्त्रक्रिया चालू असताना बाहेर येऊन ‘हे वापरू का?’ असे विचारले जाते आणि घाबरलेल्या कुटुंबास पाच मिनिटांत निर्णय घ्यावा लागतो. तातडीच्या हृदयविकाराच्या झटक्यात वेळ नसतोच. परंतु ठरवून होणाऱ्या अँजिओप्लास्टीपूर्वी तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात: कॅल्शियम किती आहे? आतून तपासणी करणार का? तो फोडण्याची साधने येथे आहेत का, आणि अंदाजे खर्च किती? साधने नसल्यास दुसऱ्या केंद्राचा सल्ला घेण्यात संकोच नसावा.

स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या उपवासाच्या दिवशीही डॉक्टरांना विचारल्यावाचून चुकवू नयेत. छातीत पुन्हा दुखू लागल्यास ‘स्टेंट आहे ना’ म्हणून घरी न थांबता तत्काळ रुग्णालय गाठावे. अँजिओप्लास्टीची चित्रफीत व अहवाल घरच्या महत्त्वाच्या कागदपत्रांत जपून ठेवावेत; पुढील डॉक्टरांना त्यांचाच आधार असतो.