अपघात-भरपाईचे दावे : लोकमत आणि कायदा

रस्ते अपघातात मोडलेले हाड काही महिन्यांत जुळते. बुडालेली कमाई मात्र तशी जुळून येत नाही. बंगळूरच्या जयनगर परिसरात अपघातग्रस्त व अस्थिरुग्णांवर उपचार करणारी संजय गांधी ट्रॉमा व ऑर्थोपेडिक्स संस्था आहे. अशा रुग्णालयांतील उपचारांच्या नोंदी, पोलिसांचा प्रथम माहिती अहवाल आणि अपंगत्वाविषयी डॉक्टरांची साक्ष यांच्या आधारावर पुढे भरपाईचा दावा उभा राहतो. जयनगरच्या रहिवाशाला अपघात अन्यत्र झाला, तरी त्याला बंगळूरमध्ये दावा दाखल करता येतो. कारण मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६६ नुसार अर्जदाराच्या निवासस्थानावरूनही अधिकारक्षेत्र ठरते. बंगळूरमध्ये लघुवाद न्यायालयाचे न्यायाधीश मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचे काम पाहतात.

२०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघातांची नोंद झाली. त्यांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या आणि ४,४३,३६६ जखमी झाल्या. या संख्येच्या मानाने भरपाई कायद्याची माहिती समाजात फारच थोडी आहे. परिणामी एखादा दावा गाजला की लोकमत टोकाचे होते. ‘चूक स्वतःची, मग पैसे कशाचे?’, ‘पैसे दिले की सुटका!’ आणि ‘एवढ्याशा जखमेला एवढी रक्कम?’ या तीन प्रतिक्रिया वारंवार उमटतात. त्यांची कायद्याच्या कसोटीवर तपासणी करणे उद्बोधक ठरेल.

‘तिऱ्हाईत’ म्हणजे कोण?

जून २०१४ मध्ये कर्नाटकात अरसीकेरेकडे जाणारी एक मोटार भरधाव वेगामुळे उलटली आणि ती चालविणाऱ्याचा मृत्यू झाला. मोटार त्याच्या मालकीची नव्हती. कुटुंबीयांनी ८० लाख रुपयांची भरपाई मागितली. न्यायाधिकरणाने व नंतर कर्नाटक उच्च न्यायालयाने ती नाकारली आणि जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. त्यावर मोठी चर्चा झाली. ‘यापुढे बेदरकार वाहनचालकामुळे झालेल्या अपघातात विमा मिळणार नाही’, असा समज अनेकांनी करून घेतला.

वस्तुतः निकालाचा आशय मर्यादित होता. कलम १४६ नुसार सक्तीचा असलेला विमा तिऱ्हाईत व्यक्तीच्या संरक्षणासाठी आहे. दुसऱ्याचे वाहन मागून घेऊन चालविणारा कायद्याच्या दृष्टीने मालकाच्याच जागी येतो; म्हणून स्वतःच्या निष्काळजीपणाबद्दल त्याला वा त्याच्या वारसांना या विम्यातून भरपाई मागता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये कर्नाटकातील मोटारसायकल अपघाताच्या एका प्रकरणातही हेच तत्त्व मांडले होते. त्याच वाहनाची धडक बसलेल्या पादचाऱ्याचा हक्क मात्र अबाधित राहतो. हा भेद ध्यानात न घेता एखाद्या जखमी मजुराने दावाच केला नाही, तर गैरसमजाची किंमत त्याच्या कुटुंबाला मोजावी लागते.

दोष दोन्ही बाजूंचा असल्यास भरपाई पूर्णतः नाकारली जात नाही. जखमीच्या दोषाच्या प्रमाणात ती कमी होते. मोटारसायकलवर तिघे बसले होते, हा नियमभंग आहे. परंतु त्या नियमभंगाचा अपघाताशी वा इजेशी कार्यकारणसंबंध सिद्ध झाल्याखेरीज तेवढ्यावरून सहभागी निष्काळजीपणा ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये स्पष्ट केले.

शिक्षा वेगळी, भरपाई वेगळी

१२ नोव्हेंबर २००६ रोजी मुंबईत वांद्रे येथील कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या मजुरांच्या अंगावर मोटार गेली. सात जण मरण पावले, आठ जखमी झाले. एप्रिल २००७ मध्ये सत्र न्यायालयाने चालकास सहा महिन्यांची कैद व पाच लाख रुपये दंड ठोठावला. पैसे मोजून शिक्षा सौम्य होते, अशी तीव्र प्रतिक्रिया उमटली. मुंबई उच्च न्यायालयाने शिक्षेची स्वतःहून दखल घेतली आणि सप्टेंबर २००७ मध्ये सदोष मनुष्यवधाच्या कलमाखाली तीन वर्षांची कैद दिली. जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली.

या प्रकरणात लोकांचा संताप समजण्यासारखा होता. तथापि फौजदारी खटला गुन्हेगाराच्या अपराधाचे मोजमाप करतो, तर भरपाईचा दावा पीडिताच्या हानीचे. पहिल्यात गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. दुसऱ्यात संभाव्यतेचे पारडे कोणत्या बाजूस झुकते, एवढेच पाहिले जाते. त्यामुळे चालक फौजदारी खटल्यात निर्दोष सुटला तरी जखमीला भरपाई मिळू शकते.

एकाच जखमेचे दोन हिशेब

डावा हात गमावलेल्या सुताराची कमावण्याची क्षमता जवळजवळ शंभर टक्के बुडते. त्याच इजेनंतर शासकीय लिपिकाची नोकरी टिकली, तर त्याचे भावी उत्पन्न कदाचित घटणारही नाही. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शारीरिक अपंगत्व आणि कमाईच्या क्षमतेतील घट यांतील हा फरक विशद केला. जखम सारखी असूनही रकमा भिन्न का, याचे उत्तर येथे सापडते.

गणनेची रीत सरला वर्मा (२००९) व प्रणय सेठी (२०१७) या निकालांनी बरीचशी निश्चित केली. वयानुसार गुणक ठरतो : १५ ते २५ वर्षांसाठी १८, २६ ते ३० साठी १७, तर ६५ वर्षांपुढे ५. उदाहरणार्थ, दरमहा १२,००० रुपये मिळविणाऱ्या ३० वर्षांच्या स्वयंरोजगारी कारागिराची कमाईची क्षमता ४० टक्के घटली असे मानू. भावी वाढीचे ४० टक्के धरून मासिक उत्पन्न १६,८०० व वार्षिक २,०१,६०० रुपये होते. त्यास १७ ने गुणून ४० टक्के घेतल्यास १३,७०,८८० रुपये येतात. उपचारखर्च, वेदना आणि सेवा-शुश्रूषा यांची रक्कम वेगळी. बातमीत ‘घबाड’ वाटणारा आकडा म्हणजे प्रत्यक्षात आयुष्यभराच्या घटलेल्या मजुरीची एकत्रित बेरीज असते.

संशय आणि त्याची मर्यादा

दाव्यांविषयीचा संशय सर्वस्वी निराधार नाही. उत्तर प्रदेशातील बनावट दाव्यांच्या चौकशीसाठी अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये विशेष तपास पथक नेमले. खोट्या दाव्यांचा भार अखेर हप्ता भरणाऱ्या सर्व वाहनधारकांवर पडतो. मात्र प्रत्येक जखमीकडे संशयाने पाहणे हा त्यावरील उपाय नव्हे. अपघातानंतर नातेवाइकांनी आधी रुग्णालय गाठणे स्वाभाविक असते. म्हणून केवळ तक्रार नोंदविण्यास विलंब झाला या कारणाने खरा दावा फेटाळू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बजावले.

नव्या तरतुदी

२०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १६४ अन्वये दोष सिद्ध न करताही मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मागता येतात. धडक देऊन पळालेल्या वाहनाचा शोध न लागल्यास १ एप्रिल २०२२ पासून अनुक्रमे दोन लाख व ५० हजार रुपयांची तरतूद आहे. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या योजनेनुसार अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोकडरहित उपचार मिळतात.

गाजलेल्या निकालाचे मूल्यमापन करताना तीन प्रश्न उपयुक्त ठरतात : दावा करणारा तिऱ्हाईत होता काय, त्याचे नेमके काय बुडाले आणि वाद शिक्षेचा आहे की भरपाईचा? लोकमताने हे भेद ओळखले, तर खोट्या दाव्यांना आळा घालतानाच खऱ्या जखमीचा हक्कही सुरक्षित राहील.