तेच पाच सूर, दोन राग

"आम्हाला शास्त्रीय संगीतातलं काही कळत नाही हो," असं म्हणून मैफलीच्या दारातूनच परत फिरणारे पुष्कळ लोक आहेत. आधी शास्त्र शिकायचं, मग ऐकायचं, असा एक समज आहे. तो कितपत खरा आहे, हे आज एकाच उदाहरणावरून पाहू.

घरी पेटी असेल तर काळी तीनला सा माना आणि फक्त काळ्या पट्ट्या वाजवत वर जा. सा, रे, ग, प, ध. म आणि नी नाहीत. हे पाच सूर भूपाचे. पण गंमत बघा, देसकार रागाचेही हेच पाच सूर आहेत. एकही कमी-जास्त नाही.

मग फरक कुठे? मुक्कामात!

(पेटीवर वाजवून) ग रे सा, रे ग, प ग, ध प ग. ऐकलंत? धैवताला भेटून सूर पुन्हा गंधाराकडे येतो, तिथे विसावतो. हा भूप. आता हे ऐका : ग प ध, ध प, सां ध, प. इथे मुक्काम धैवतावर, चाल सप्तकाच्या वरच्या भागात, आणि रिषभ अगदी थोडा. हा देसकार. भूप रात्री गातात, देसकार सकाळी.

एकाच एसटीच्या मार्गावर पाच गावं आहेत, पण एकाचं घर तिसऱ्या गावात, दुसऱ्याचं पाचव्या, तसं हे. शास्त्रात याला वादी स्वर म्हणतात. भूपाचा वादी गंधार, संवादी धैवत. देसकारात नेमकं उलट. परीक्षेसाठी मुलं हे पाठ करतात, पण पाठ करण्याआधी ते ऐकू यायला हवं.

पंडित विष्णु नारायण भातखंडे (1860–1936) शिक्षणाने वकील. देशभर हिंडून त्यांनी गवयांकडून चिजा गोळा केल्या आणि राग 10 थाटांत बसवले. त्यात भूप गेला कल्याण थाटात, देसकार बिलावलात. आता कल्याण थाटाची खूण म्हणजे तीव्र मध्यम, आणि भूपात तर मध्यमच नाही! नुसती सुरांची यादी पाहिली असती, तर हे दोन राग वेगळ्या थाटांत गेलेच नसते. म्हणजे वर्गवारी करतानाही रागाची चाल ऐकावीच लागली. गाणं आधी, शास्त्र मागून.

तेव्हा घरी गेल्यावर एवढंच करा. किशोरी आमोणकरांचं भूपातलं 'सहेला रे' लावा आणि गंधाराची वाट बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाचाही देसकार लावा आणि धैवतावर कान ठेवा. दोन-चार दिवसांत फरक जाणवू लागेल. त्याला वादी म्हणतात हे विसरलात तरी चालेल.

आता प्रश्न असतील तर विचारा.