ढगाआडचा सूर्य आणि खिशातली प्रयोगशाळा

हातकणंगले विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १६.७४ अंशांवर आहे. त्यामुळे वर्षातून दोनदा भर दुपारी सूर्य येथे बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या पायथ्याशीच विरून जाते. हा शून्य सावलीचा दिवस. पहिला येतो ७ मेच्या सुमारास, तेव्हा शाळेला सुट्टी. दुसरा ६ ऑगस्टच्या सुमारास, तेव्हा आभाळ बहुधा भरलेले. एवढी सुंदर घटना गावावरून वर्षातून दोनदा जाते आणि वर्गाला दिसत नाही.

अशा ठिकाणी संगणकाचा खरा उपयोग आहे असे आम्हाला वाटते. 'स्टेलॅरियम' हा आकाशदर्शनाचा कार्यक्रम फाब्यें शेरो या फ्रेंच तरुणाने २००० साली लिहायला घेतला. तो संगणकावर विनामूल्य उतरवून घेता येतो आणि एकदा उतरवला की इंटरनेट नसले तरी चालतो. त्यात आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश (१६.७४ उत्तर, ७४.४४ पूर्व), तारीख आणि वेळ भरली की त्या क्षणीचे आकाश समोर येते. सूर्यावर टिचकी मारली की त्याचा उन्नतांश, म्हणजे क्षितिजापासूनची उंची, अंशांत दिसते.

परंतु पडद्यावर दिसते म्हणून ते खरे, असे मुलांना का वाटावे? म्हणून सुरुवात पडद्यापासून करू नये. डिसेंबरात आकाश निरभ्र असते. २२ डिसेंबरला दुपारी साडेबाराच्या सुमारास मैदानात एक मीटर उंचीची काठी ओळंब्याने उभी करावी आणि सर्वांत आखूड सावली मोजावी. ती ८४ सेंटिमीटरच्या आसपास भरेल. त्यावरून मुलांनी सूर्याचा उन्नतांश काढावा. तो ५० अंशांच्या थोडा खाली येतो. मग 'स्टेलॅरियम' उघडावे. दोन आकडे जुळले, की जे पडताळता आले त्याच्या बळावर जे पडताळता येत नाही त्याकडे, म्हणजे ढगाआडच्या ऑगस्टकडे, वळायला हरकत नाही.

तेथे दोन गोष्टी मुलांना चकवतात. एक, ७ मे ते ६ ऑगस्ट या काळात मध्यान्हीची सावली उत्तरेला न पडता दक्षिणेला पडते. दुसरी, सूर्य माथ्यावर येतो तो बाराच्या ठोक्याला नव्हे. मेमध्ये ती वेळ १२ वाजून २९ मिनिटे, ऑगस्टमध्ये १२ वाजून ३८. बारानंतरची सुमारे अर्ध्या तासाची तफावत समजण्यासारखी आहे, कारण आपली घड्याळे ८२.५ पूर्व रेखांशावर लावलेली असतात आणि आपण त्याच्या आठ अंश पश्चिमेला आहोत. पण मे आणि ऑगस्टमधल्या नऊ मिनिटांच्या फरकाचे काय? पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा अक्ष कललेला आहे, येथवर वर्गाने स्वतः पोचावे. उत्तर आधी सांगून टाकण्याचा मोह आवरणे कठीण असते, हे आम्ही जाणतो.

सगळ्यांकडे संगणक नसतो. शिक्षकाच्या खिशात फोन मात्र असतो. त्यात ध्वनिग्राहक, त्वरणमापक, बहुतेक फोनांत चुंबकमापकही बसवलेले असते. जर्मनीतील आखेन तांत्रिक विद्यापीठाच्या भौतिकशास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये 'फायफॉक्स' हे विनामूल्य ॲप काढले. ते या मापकांचे आकडे थेट दाखवते.

आवाजाचा वेग मोजण्याचा प्रयोग पाहा. व्हरांड्यात १० मीटर अंतरावर दोन फोन ठेवावेत आणि दोन्हींवर आवाजाने सुरू व बंद होणारे स्टॉपवॉच लावावे. पहिल्या फोनजवळ टाळी वाजवली की तो लगेच सुरू होतो, दुसरा किंचित उशिरा. थोड्या वेळाने दुसऱ्याजवळ टाळी वाजवली की तो लगेच थांबतो, पहिला उशिरा. दोन्ही वेळांची वजाबाकी म्हणजे आवाजाला २० मीटर जायला लागणारा वेळ. ३० अंश सेल्सियस तापमानाला हवेतील आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४९ मीटर, तेव्हा उत्तर ०.०५७ सेकंद यायला हवे. आपल्या बोटाला घड्याळ दाबायलाच याच्या तिपटीहून अधिक वेळ लागतो, हे मुलांना अवश्य सांगावे. प्रत्येक फोनचा स्वतःचा उशीर दोन्ही टाळ्यांना जवळजवळ सारखाच असल्याने तो आपोआप वजा होतो. प्रयोगाची खरी गंमत येथे आहे.

इचलकरंजी याच तालुक्यात. यंत्रमागाशेजारी जमिनीवर फोन ठेवून कंपनांचा आलेख घेतला आणि सेकंदाला २.५ या वारंवारतेला शिखर दिसले, तर माग मिनिटाला १५० फेरे करतो आहे. धोटा एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून सुटतो. म्हणून निम्म्या वारंवारतेलाही लहान शिखर दिसू शकते. आपले उत्तर माग चालवणाऱ्याला विचारून पडताळावे. मात्र फोन त्यांच्याच हाताने ठेवून घ्यावा आणि मुलांना दूर उभे करावे. हाच फोन आवाजाचे डेसिबल सांगू लागला तर त्यावर विश्वास ठेवू नये. प्रमाणित उपकरणाशी जुळवून घेतल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

विनामूल्य साधनांची एक अडचण क्वचितच बोलली जाते. ती एका दिवसात नाहीशी होऊ शकतात. 'फ्लॅश' या तंत्रावर चालणारे असंख्य शैक्षणिक देखावे ३१ डिसेंबर २०२० नंतर, ॲडोबीने ते तंत्र बंद केल्यावर, निकामी झाले. नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेल्या 'फेट' प्रकल्पातील जुने प्रयोगही फ्लॅश आणि जावावर होते. ते नव्या तंत्रात पुन्हा लिहिले गेले म्हणून बरेचसे टिकले. त्यांतील अनेक मराठीत आहेत आणि प्रत्येक प्रयोग एका फाइलच्या रूपात उतरवून घेता येतो. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांवर क्यूआर कोड छापण्याची कल्पना राबवली आणि २०२० चे 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळवले. हे कोडही पलीकडचे पान जिवंत असेतोवरच बोलतात. बालभारतीची पुस्तके, मराठी विश्वकोश, अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावरील पुस्तके आणि खेळणी, यांतले जे उतरवून घेता येते ते पेनड्राइव्हवर घेऊन शाळेच्या कपाटात ठेवावे.

आणि जे ॲप विनामूल्य म्हणवते पण मुलांची नावे, जन्मतारखा, पालकांचे फोन क्रमांक मागते, ते वर्गात आणू नये. सावली मोजायला कोणाची जन्मतारीख लागत नाही.